शेख मुतवल्लींचं उत्तर

झालं एवढंच, की करमूझ मोहल्ल्यातल्या ट्राममध्ये खमीस कंडक्टरनं त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. रमजानचा सहावा रोजा होता, सकाळचे अकरा वाजले होते. चष्म्याची काडी निसटली होती ती बसवून घ्यायला शेख मुतवल्ली मनशिय्याला निघाले होते. खिडकीजवळ बसून त्यांनी नाणं पुढं केलं, तर खमीसनं त्यांची मूठ धरून हलकेच मिटवली. "राहू द्या, मौलाना. तुमच्याकडून पैसे घेऊन ते पाप कुठं फेडू?" "अरे, घे की. रोज घेतोस." "रोजचं वेगळं होतं. तुम्ही आमची आई वाचवलीत." समोरच्या दोन बायकांनी माना वळवल्या. शेख मुतवल्लींना वाटलं, माणूस चुकतोय. मशिदीत शंभर जण येतात, कुणाच्या तरी आईसाठी आपण दुआ केली असेल. पण खमीस दांडीला लटकत, ट्रामच्या धक्क्यांबरोबर डुलत, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत सुटला. "तिला मेसेज आला होता, शनिवारी साथीची लस घ्यायला या म्हणून. बायको म्हणे नेऊ या. धाकटा भाऊ अय्याद म्हणे नको, त्यात डुकराचं काहीतरी असतं. घरात नुसती लढाई. मी म्हटलं, थांबा, आपले मौलाना टीव्हीवर येणारेत, ते काय म्हणतात बघू. सगळे बसलो होतो पडद्यासमोर. त्या बाईनं फोनवरून विचारलं, आणि तुम्ही कसे गप्प झालात! अंगावर काटा आला माझ्या. आई म्हणाली, झालं, कळलं मला. त्यांची सरकारी नोकरी आहे बिचाऱ्यांची, तोंडानं नाही कसं म्हणतील? नाही नेली मग." समोरची एक बाई म्हणाली, "आम्हीपण पाहिलं हो ते." शेख मुतवल्लींनी तोंड उघडलं. त्यांना म्हणायचं होतं, अरे बाबा, तसं नव्हतं ते. तोंडातून निघालं, "अल्लाह तिला आयुष्य देवो." मग ते दोन थांबे आधीच उतरले. चष्म्याचं दुकान अजून लांब होतं.

फूटपाथवर उभं राहून त्यांनी निसटलेली काडी हातानं दाबून धरली आणि ट्राम वळणावर कुरकुरत दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं पाहत राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पस्तीस वर्षं सरकारी पगारावर मशिदीत इमामत केलेला. लोक त्यांना काय काय विचारायचे. कानात औषध घातलं तर रोजा तुटतो का, नवऱ्यानं रागात तीनदा तलाक म्हटलं तर काय, भिंतीवर पाल मारली तर पुण्य लागतं का. ते सगळ्यांना उत्तर द्यायचे, हसून द्यायचे, आणि कधी अडले तर पुस्तक बघून सांगतो म्हणायचे. त्या टीव्हीच्या कार्यक्रमालाही ते तयारी करूनच गेले होते. नेहमी येणारे विद्वान आजारी पडले म्हणून ऐनवेळी यांना बोलावलं होतं. बायकोनं, सनिय्यानं, जुब्ब्याला इस्त्री करून दिली होती. एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला हे, मध्ये तो तरुण निवेदक, चेहऱ्यावर पावडर लावलेला. डुकराच्या चरबीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी छान समजावलं, की पदार्थाचं रूप पालटलं की त्याचा हुकूम पालटतो, दारूचा सिरका होतो तो हलाल असतो, आणि जीव वाचवायचा असेल तर शरियत वाट अडवत नाही. डॉक्टर मान डोलावत होते. लसीनं मुलं होत नाहीत म्हणतात, तो प्रश्न आला. रोज्यात सुई चालते का, तो आला. सगळी उत्तरं एकापाठोपाठ एक सुरळीत निघाली. हे सगळं अर्धा तास चाललं होतं आणि त्यातलं एक वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग फोनवर ती बाई आली. थकलेला, साधा आवाज. "मौलाना, बाकीचं मला काही कळत नाही. तुम्ही स्वतः घेतलीत का?"

त्या क्लिपमध्ये ते किती वेळ गप्प आहेत हे सनिय्यानं मोजलं होतं. नऊ सेकंद. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याखाली दर्दभरं संगीत घातलं होतं आणि वर लिहिलं होतं, जाणणाऱ्याचं मौन. नऊ सेकंदांनंतर ते म्हणतात, "भरवसा अल्लाहवर ठेवावा, बाई. आयुष्याची दोरी त्याच्याच हातात आहे." आणि निवेदक घाईघाईनं जाहिरातींकडं वळतो. खरं म्हणजे त्यांची नोंदणी झालेली होती, मेसेज आलेला होता, आणि कार्यक्रमाच्या चार दिवस आधी ते आरोग्य केंद्रात जाऊनही आले होते. ओळ लागली होती. खुर्च्या होत्या. सगळं शिस्तीत चाललेलं. त्यांचा नंबर तिसरा होता, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि स्पिरिटचा वास आला. ते उठले, मागच्या माणसाला म्हणाले, आलोच, आणि घरी निघून आले. सनिय्याला सांगितलं, गर्दी फार होती. तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि भाजीसाठी मुलुखियाचा पाला चिरायला घेतला.

तो वास दमनहूरजवळच्या त्यांच्या गावचा होता. तेव्हा मुतवल्ली नऊ वर्षांचा, थोरला भाऊ मकसूद अकराचा. गावातली सगळी मुलं कालव्यात डुंबत पडलेली असायची, आणि त्या पाण्यातल्या किड्यांमुळं बहुतेकांना लघवीतून रक्त जायचं. मुलगा मोठा होऊ लागला की असं होतंच, असं म्हातारे सांगायचे. मग त्या आजारावर सुया द्यायला सरकारची गाडी यायला लागली, दर सोमवारी. शाळेबाहेर तुतीच्या झाडाखाली टेबल, टेबलावर स्पिरिटचा स्टोव्ह, स्टोव्हवर पातेल्यात उकळणारं पाणी, आणि पाण्यात काचेची पिचकारी. पोरांची ओळ पातेल्यापेक्षा फार लांब होती, त्यामुळं पाण्याला उकळायला आणि पिचकारीला पाण्यात राहायला वेळ मिळायचा नाही. याच्या दंडातून निघाली की त्याच्या दंडात. सुई देणारा माणूस वाईट नव्हता. तो प्रत्येकाला नाव विचारायचा आणि त्याच्या नावावरून काहीतरी गंमत करायचा. सुई शिरेत गेली की पोराला लगेच खोकल्याची उबळ यायची, तोंडात लोखंड चोखल्यासारखी चव यायची, आणि ते पोर तुतीच्या बुंध्याशी जाऊन ओकायचं. बारा सोमवार. पहिल्या सोमवारी मुतवल्लीनं ते बुंध्याशी वाकलेले मित्र पाहिले आणि तो मक्याच्या शेतात पळाला, तो बाराही सोमवार तिथंच लपला. मकसूद बाराच्या बारा सुया घेऊन आला. दर सोमवारी संध्याकाळी तो शेताच्या बांधावर उभा राहून ओरडायचा, "ये बाहेर, भित्र्या. गेले ते."

मकसूदचा तो आजार बरा झाला. भित्र्याचा रेंगाळला, पुढं गोळ्यांनी गेला. आणि मकसूद एकोणचाळीस वर्षांचा असताना त्याचं पोट गाभण म्हशीसारखं फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि दमनहूरच्या दवाखान्यात तो रक्त ओकला. डॉक्टर म्हणाले, यकृत. त्या ओळीतल्या किती जणांचं यकृत गेलं ते मोजायला पुढं सरकारचं कुणी आलं नाही, पण गाव आपलं आपण मोजत होतं. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी मग लेख लिहिले, हो, यकृताचा हा रोग त्या सुयांमधूनच पसरला म्हणून. मकसूदला मूठमाती देताना मुतवल्लींनी मनात जे म्हटलं होतं ते त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी म्हटलं होतं, मी लपलो म्हणून जगलो.

त्या नऊ सेकंदांत हेच होतं. पातेलं, पिचकारी, बांधावरचा मकसूद. त्यात धर्माचा एक शब्दही नव्हता. फोनवरच्या बाईला ते सांगू शकले असते, की नाही घेतली, बाई, मला भीती वाटते, माझी भीती जुनी आहे आणि आताच्या सुया तशा नाहीत, तुम्ही जा. एवढंच वाक्य. पण डोक्यावर शेखाची पगडी होती, समोर दिवे होते, आणि भित्रा हा शब्द तोंडात यायच्या आत दुसरा एक शब्द हाताशी होता, पिढ्यान् पिढ्यांच्या वापरानं गुळगुळीत झालेला. त्यांनी अल्लाहचं नाव उचललं आणि आपल्या भीतीवर पांघरलं. लोकांनी ते पांघरूणच पाहिलं. आत काय आहे हे कुणी कशाला बघेल?

दुसऱ्या दिवसापासून ते खमीसला शोधू लागले. दुपारच्या, दुहरच्या नमाजनंतर ट्राममध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, परत यायचं. रोज्याच्या दिवसांत माणसं दुपारी खिडक्यांना डोकी टेकून पेंगत असतात; त्यांच्यामध्ये हे ताठ बसलेले, प्रत्येक कंडक्टरचं तोंड बघत. खमीसला काय सांगायचं ते त्यांनी मनात नीट जुळवलं होतं. पहिल्या दिवशी ते वाक्य चांगलं लांबलचक होतं, त्यात कुराणातल्या दोन आयती होत्या. दुसऱ्या दिवशी एक उरली. तिसऱ्या दिवशी वाक्य इतकंच राहिलं: तिला घेऊन जा. चौथ्या दिवशी एका दुसऱ्या कंडक्टरनं त्यांना ओळखलं. "खमीस? तो रजेवर आहे, मौलाना. आई आजारी आहे त्याची. ताप उतरत नाही म्हणे." त्यानं पत्ता सांगितला. गैत अल-इनब, भाकरीच्या भट्टीसमोरची गल्ली, तिसरा मजला.

जिना चढताना शेख मुतवल्लींचे गुडघे बोलत होते. दार खमीसनंच उघडलं आणि त्यांना पाहून त्याचा चेहरा असा उजळला की त्यांना तिथूनच परत फिरावंसं वाटलं. "आई! बघ कोण आलंय! मी सांगत नव्हतो?" आतल्या खोलीत खिडकी बंद होती, ताडाच्या पात्यांचा पंखा घेऊन सून उशाशी बसली होती, आणि भिंतीला टेकून धाकटा अय्याद उभा होता, सुतारकामाचा भुसा अजून केसांत असलेला. खमीसची आई, हज्जा झन्नूबा, तीन उशांना टेकून बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, एके काळी चांगली अंगापिंडानं भरलेली असणार. आता श्वास घेताना त्यांचे खांदे वर उचलले जात होते, बाजारातून ओझं आणताना उचलावे तसे. शेख मुतवल्लींना कळायला डॉक्टर लागला नाही. "खमीस, यांना दवाखान्यात का नाही नेलं?" "नेणारच होतो, पण तिथं नेलं की माणूस परत दिसत नाही म्हणतात. तुम्ही सांगा, मौलाना. तुम्ही म्हणाल तसं." "आज. आत्ता. गाडी बघ." "जी," म्हणून खमीस चप्पल शोधू लागला. एवढं सोपं होतं ते. एक शब्द आणि माणूस चप्पल शोधू लागतो. अय्याद गाडी आणायला धावला, सून कपडे भरायला आत गेली, खमीस कागदपत्रं हुडकायला लागला, आणि खोलीत दोघंच उरली.

"मौलाना," हज्जा म्हणाल्या, "काहीतरी वाचा माझ्यासाठी."

"वाचतो. आधी एक सांगायचंय." त्यांनी मास्क जरा सैल केला आणि पुन्हा वर ओढला. "त्या दिवशी टीव्हीवर मी गप्प बसलो ना, त्यात काही गूढ नव्हतं, हज्जा. मी भ्यालो होतो."

"सरकारला?"

"सुईला."

हज्जा झन्नूबांनी त्यांच्याकडं डोळे बारीक करून पाहिलं. मग त्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि खोकला बराच वेळ थांबेना. शेखांनी पेला पुढं केला. त्यांनी दोन घोट घेतले, ओठ पुसले. "सुईला! एवढा मोठा माणूस!"

"लस चांगली होती. हलाल होती. तुम्ही घ्यायला हवी होती. मी सांगायला हवं होतं."

"आता सांगतोस, बाळा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. सगळी भांडी घासून झाल्यावर पाहुणा यावा, आणि घरच्या बाईनं दारातच म्हणावं, तसं त्या म्हणाल्या. मग खूप वेळ खांदे वरखाली होत राहिले. बाहेरच्या खोलीत खमीस कुठलंसं कपाट उघडत होता, बंद करत होता. हज्जांनी मान त्या बाजूला वळवली, ऐकलं, आणि हात पुढं करून शेखांच्या जुब्ब्याची बाही धरली. बोटं गरम होती. "हे खमीसला सांगू नकोस. अय्यादला तर नकोच. तोच आधी नको म्हणाला होता. मग दोघं एकमेकांना खातील. आयुष्यभर खातील. त्यांना वाटू दे, लिहिलेलं होतं."

"हज्जा, मी आलोय ते—"

"तुला मोकळं व्हायचंय ते कळलं मला. मला सांगितलंस ना, झालं. आता वाच."

त्यांनी वाचलं. आवाज कुठंही अडखळला नाही. तोंडाला सवय होती. वाचता वाचता त्यांना जाणवत होतं, की खांद्यांची ती उचल आयतींच्या तालात बसत नाहीये, मधेच येतेय, वाक्याच्या पोटात. खाली गाडीचा भोंगा वाजला. दोन भावांनी आईला खुर्चीत बसवून उचललं आणि तीन मजले उतरवलं. शेख मुतवल्ली पिशवी घेऊन मागून आले. अय्याद खुर्ची उतरवताना सारखा म्हणत होता, "सांभाळ, आई, हात आत घे." गाडीत बसायच्या आधी खमीसनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. त्यांनी हात मागं ओढला, तरी ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लस घेतली. त्याची काही गोष्ट झाली नाही. ओळीत पुढच्या माणसानं विचारलं, "मौलाना, रोजा तुटेल का?" आणि ते म्हणाले, "नाही." नर्सनं त्यांच्यासमोर पाकीट फोडून नवी सुई काढली. त्यांनी डोळे मिटले, तोंडात लोखंडाची चव यायची वाट पाहिली, आणि ती आली नाही. "झालं, काका," नर्स म्हणाली. इतकं लवकर झालं याचाच त्यांना राग आला. घरी सनिय्यानं दंडाला बर्फ लावला. जरा जोरातच दाबला.

शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, सरकारच्या धर्मखात्याकडून छापील येतो. त्या शुक्रवारी तो आजारापासून जीव राखण्याविषयीच होता. तो वाचून संपवल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि आपल्या मनचं बोलले. हज्जाचं नाव घेतलं नाही, घराचं घेतलं नाही. म्हणाले, "टीव्हीवर मी गप्प राहिलो ते भीतीनं. ती माझी भीती होती, तिचा दीनशी, धर्माशी संबंध नाही. मी आता घेतली आहे. तुम्हीही घ्या, आपल्या म्हाताऱ्यांना न्या." मिंबरच्या पायऱ्यांवर उभं राहून बोलताना त्यांनी कठडा धरून ठेवला होता. खाली माणसं नेहमीसारखी बसली होती, काही पेंगत, काही तोंडाकडं बघत. नमाजनंतर हातपाय धुण्याच्या, वजूच्या नळांपाशी दोघं चपला घालत होते, त्यांना शेख मागं उभे आहेत हे माहीत नव्हतं. "वरून आलं असणार." "मग काय. बिचाऱ्याला बोलायला लावलं. आवाज कसा कापत होता बघितलास?" "अल्लाह त्यांना बळ देवो." ते पुढं होऊन म्हणू शकले असते, मला कुणी लावलं नाही. पण ते म्हटल्यावर ही माणसं काय म्हणतील तेही त्यांना स्पष्ट ऐकू आलं: हो, हो, मौलाना, आम्ही समजतो. आणि डोळा मारतील, प्रेमानं. गप्प बसलो तरी तेच, बोललो तरी तेच. लोकांनी त्यांचा एक माणूस बनवला होता, शूर, सगळं जाणणारा, जुलमात अडकलेला. आणि तो माणूस आता मुतवल्लींना विचारल्याशिवाय करमूझभर हिंडत होता, घराघरांत बसून सल्ले देत होता.

हज्जा झन्नूबा सोमवारी गेल्या. दुपारी जनाजा अमूदच्या कब्रस्तानात आला. माणसं थोडी, मास्क लावलेली, लांब लांब उभी. उन्हानं कबरींचा चुना डोळ्यांत खुपत होता. खमीस आणि अय्याद कबरीत उतरले आणि त्यांनी आईला घेतलं; अय्यादनं तिचं डोकं धरलं होतं. वर आल्यावर अय्याद बाजूला जाऊन एका जुन्या कबरीच्या कडेला बसला आणि दोन्ही हातांनी मान धरून पुढं वाकून राहिला. खमीस शेख मुतवल्लींजवळ आला. रडून त्याचा चेहरा सुजला होता. "तो सारखा म्हणतोय, मी नको म्हटलं म्हणून गेली. मौलाना, तुम्ही सांगा त्याला. आमचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

शेख मुतवल्ली अय्यादजवळ गेले. शेजारी बसायला गुडघ्यांनी वेळ लावला. त्याच्या केसांत आज भुसा नव्हता. वर न बघता त्यानं विचारलं, "लिहिलेलंच होतं ना, मौलाना? लस घेतली असती तरी?"

एवढ्या जवळून कुणी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. बाहीवरची ती गरम बोटं त्यांना जाणवली. खरं सांगितलं तर हा पोरगा मोडतो. आणि त्याला जे हवंय ते सांगितलं, तर तो उद्या वर मान करून चालेल आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगेल, मौलाना स्वतः म्हणाले. दोन्ही त्यांना दिसलं. तिसरं काही दिसेना. "हो, बाळा," ते म्हणाले. "लिहिलेलं होतं." अय्यादनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लस घेतलेला तोच दंड होता, अजून ठणकत होता. ते हलले नाहीत.

माती लोटून झाली. माणसं कबरीभोवती जमली आणि त्यांच्याकडं पाहू लागली. त्यांनी तळवे वर केले. दयेची दुआ केली. लोक म्हणाले, आमीन. कबर प्रशस्त होण्याची केली, आमीन. मुलांना धीर मिळावा म्हणून केली, आमीन. मग त्यांच्या तोंडून, कुठल्याही पुस्तकात नसलेलं, निघून गेलं, "या अल्लाह, ज्या माणसानं आपल्या भीतीला तुझं नाव दिलं, त्याला माफ कर. आणि करणार नसशील, तर त्याच्या बोलण्यापासून या लोकांना वाचव." ते थांबले. त्यांना वाटलं, आता कुणीतरी विचारेल, कोण तो माणूस.

"आमीन," सगळे म्हणाले. आधीच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाले. अय्याद तर हुंदका देत म्हणाला.

कबर खोदणारा फावडं टेकून उभा होता. तो पुढं आला, त्यांच्या कोपराला अदबीनं हात लावून म्हणाला, "मौलाना, जरा आवरतं घ्या. मागं दुसरा जनाजा थांबलाय, उन्हात." शेख मुतवल्लींनी मागं पाहिलं. चार माणसं खांद्यावर भार घेऊन वाटेत उभी होती, कधी या पायावर, कधी त्या पायावर. ते बाजूला झाले आणि त्यांना वाट दिली.